दूर्वा, हरळी आणि लॉन

(मंडळाच्या श्रावणातल्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



'लॉन कसे राखावे' यावर आम्ही बोलावे असे सचिवांनी सुचवले तेव्हा आधी हसूच आले. आमची नोकरी शेतीखात्यातली. पदविका घेऊन खात्यात शिरलो तेव्हापासून धुऱ्याधुऱ्यावर उभे राहून एकच सांगत आलो, की हरळी मुळासकट काढा, वखराच्या पासेला अडकलेली मुळी परत त्याच शेतात झटकू नका. जैनथ, बेला, तामसीकडचे जे शेतकरी इथे बसले आहेत त्यांनी हे ऐकलेले आहे, आणि बहुतेकांनी ऐकून सोडूनही दिलेले आहे. आता त्याच तोंडाने गवत वाढवायचे कसे ते सांगायचे!

तरी हो म्हटले, त्याला दोन कारणे. एक तर हे आपल्या मंडळाचे अंगण. तीन वर्षांत त्यात काय बिघडले आणि काय जमले, ते सगळ्यांना सांगायला हवे, कारण वर्गणी सगळ्यांची होती. दुसरे म्हणजे परदेशातून येणारे फोन. आज आपल्यातल्या कितीतरी घरांतले एखादे पोर शिकागोला, टोरांटोला नाहीतर इंग्लंडात आहे. तिकडे घर घेतले की घरासोबत लॉन येते, आणि लॉन पिवळे पडले की फोन इकडे येतो: "काका, तुम्ही शेतीखात्यात आहात ना?" आणि हो, आम्ही 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. अंगणात खुरपे घेऊन बसणारे आम्ही चौघे होतो. एकाने सगळे श्रेय घेऊ नये म्हणून.

आधी अंगणाचे सांगतो. सुरुवातीला आम्ही शहाणपणा केला, की तयार लॉन आणायचे. एका ठेकेदाराने मऊ गालिच्यासारख्या गवताच्या चौकोनी चटया आणल्या, काळ्या मातीवर चार बोटे लाल माती पसरली आणि वर चटया मांडून दिल्या. मे महिन्यात अंगण इतके देखणे दिसले, की लोकांनी चपला काढून फोटो काढले. जुलैत झड लागली. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि काळी माती एकदा फुगली की पाणी खाली सोडत नाही. लाल मातीच्या थराखाली काळ्या मातीचा तवा झाला, त्यावर चार दिवस पाणी तुंबले आणि चटया खालून कुजल्या. पोळ्यापर्यंत अंगणाला वास येऊ लागला. उरलेल्या चटया एप्रिलमध्ये गेल्या. खालची काळी माती वाळून भेगाळली, तेव्हा वरचे गवत जागोजागी मधोमध फाटले.

त्या फाटलेल्या भेगांमधून एक गवत मात्र कोणी न लावता हिरवे वर आले. ते काय होते हे इथल्या कुठल्याही म्हातारीला विचारा. हरळी. तेलुगूत गरिका. आणि भाद्रपदातल्या चतुर्थीला तिचेच नाव दूर्वा.

अनेकांना हे ऐकून नवल वाटते, की शेतात जिला आपण शिव्या देतो, देवाला जी वाहतो आणि क्रिकेटच्या मैदानावर जी पसरलेली असते ती एकच वनस्पती आहे. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. इंग्रजीत तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात, पण ती मूळची बर्म्युडाची नाही. आपल्या देशातली बरीच मैदाने आणि गोल्फची हिरवळ याच गवताच्या निवडक जातींची असते. नर्सरीत 'सिलेक्शन वन' या नावाने मिळते तीही हरळीच. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने हरळीचे संकर केले. त्यातला 'टिफवे' १९६० साली बाहेर आला आणि आजही गरम प्रदेशांतल्या मैदानांवर लावला जातो. म्हणजे आम्ही वर्गणी जमवून बाहेरून गवत आणत होतो, आणि जे लोक जगभर विकत घेतात ते आपल्या धुऱ्यावर फुकट उभे होते.

आता थोडे शास्त्र. शेतकऱ्याला समजायला ते अजिबात अवघड नाही. आपण पिकांचे दोन हंगाम मानतो, खरीप आणि रब्बी. ज्वारी, मका, ऊस यांना ऊन जितके कडक तितका जोर चढतो. गव्हाला थंडी लागते. मार्चमध्ये एकदम उन्हाचा तडाखा बसला की गव्हाचा दाणा बारीक राहतो. लॉनच्या गवतांचेही तसेच आहे. हरळी ज्वारीच्या बाजूची. सत्तावीस ते पस्तीस अंश तापमान असले की ती धावत सुटते, पारा दहाच्या आसपास उतरला की झोपते. थंड देशांतली गवते, केंटकी ब्लूग्रास, रायग्रास, फेस्क्यू, ही गव्हाच्या बाजूची. पंधरा ते चोवीस अंशांत ती खूश, तिसाच्या वर गेले की मलूल. विम्बल्डनची टेनिस कोर्टे तुम्ही टीव्हीवर पाहता. २००१ पासून तिथे सगळे रायग्रासच आहे, आठ मिलिमीटरवर कापलेले. ते गवत इथे आणून लावले तर होळीपर्यंत हिरवे दिसेल आणि पाडव्याला त्याचे सरपण होईल.

गवताचा हंगाम ओळखला की लॉनची बरीच दुखणी निम्मी होतात. आमच्या चुलतभावाचा मुलगा शिकागोजवळ राहतो. त्याने ऑगस्टमध्ये फोटो पाठवले. लॉन गव्हाच्या कापलेल्या शेतासारखे तांबूस. दुकानात कोणीतरी सांगितले म्हणून त्याने खत टाकले, तर आणखी जळाले. आम्ही त्याला म्हटले, बाळा, तुझे गवत मेलेले नाही, उन्हाळ्याला कंटाळून झोपले आहे. झोपलेल्याला जेवायला घालू नये. दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धा इंच पाणी दे, म्हणजे बुडखा जिवंत राहील. सप्टेंबरात हवा गार झाली की आपोआप उठेल. तसेच झाले. आणि गंमत पाहा, डिसेंबरात आपल्या अंगणातली हरळी तांबूस पडली, तेव्हा इथल्या दोन काकांनी आम्हाला तेच विचारले, युरिया टाकू का?

आपला जिल्हा गरम म्हणून ओळखला जात असला तरी थंडीत पेनगंगेकाठची अर्ली आणि तिकडे गिन्नेधरी ही नावे पेपरात येतात ती उगीच नव्हे. तेलंगणात सर्वांत आधी स्वेटर आपण काढतो. त्या दिवसांत हरळीचा रंग जाणारच. तेव्हा रोज नळी धरून बसलात तर गवत हिरवे होत नाही, फक्त शेवाळ आणि बुरशी येते. आमच्या राखणदाराला हे पटवायला एक अख्खा हिवाळा गेला, कारण पाणी मारणे हे काम दिसते आणि पाणी न मारणे हे काम दिसत नाही.

आता परदेशातल्या मुलांसाठी थोडे सविस्तर. हे त्यांना पाठवा, म्हणजे आमचे फोन कमी होतील. थंड देशात लॉन पेरायचा मुहूर्त म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत. जमीन उबदार असते, हवा गार होत असते आणि तण दमलेले असते. वसंतातही पेरता येते, पण तेव्हा तणही जोरात असते आणि कोवळे गवत पुढे लगेच उन्हाळ्यात सापडते. रायग्रास आठवडाभरात उगवतो, फेस्क्यूला एक-दोन आठवडे लागतात, ब्लूग्रास तीन आठवडेही घेतो. म्हणून बी उगवले नाही असे दहाव्या दिवशी ठरवून परत उकरू नका. बहुतेक लोक मिश्रण पेरतात, ते बरे. एकावर रोग पडला तर दुसरे तग धरते, आणि सावलीत फेस्क्यू चालते.

कापणीत सगळ्यांची चूक एकच. आठ दिवस सुट्टी मिळावी म्हणून लोक खरवडून कापतात. पात हा गवताचा स्वयंपाक करणारा भाग. तोच उडवला तर मुळे कशावर जगणार? तिकडच्या घरच्या लॉनला तीन इंच उंची ठेवावी आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कधीच कापू नये. उंच गवताची सावली जमिनीवर पडते, तणाचे बी उगवत नाही, ओल टिकते. कापलेले तुकडे तिथेच पडू द्यावेत. त्यांत नत्र असते, आणि वर्षभराच्या गरजेतला चौथ्या हिश्श्याएवढा भाग असाच जमिनीत परत जातो. ते पिशव्यांत भरून फेकायचे आणि मग दुकानातून नत्राची पिशवी आणायची, हा व्यवहार आम्हाला समजलेला नाही.

पाणी आठवड्याला एक इंच, पाऊस धरून. तेही रोज शिंपडून नव्हे, एक-दोनदाच, भरपूर, पहाटे. इंच मोजायला यंत्र नको. स्वयंपाकघरातली उभ्या कडेची वाटी लॉनमध्ये ठेवा आणि किती मिनिटांत बोटाच्या पेराएवढे पाणी साचते ते एकदा पाहून ठेवा. रोज थोडे पाणी मिळाले की मुळे वरच राहतात, आपल्याकडे नळाला रोज पाणी येणाऱ्या गल्लीत कोणी विहीर खोदत नाही तसे. मुख्य खत शरद ऋतूत, हिवाळ्याच्या आधी. आणि गवत जागोजागी सतरंजीसारखे उचलले जाऊ लागले तर खाली पाहा, हुमणी असेल. तीच पांढरी, अर्धवर्तुळ होऊन बसणारी अळी, जिला आपण इथे ओळखतो. मुळे खाल्ली म्हणूनच गवत हातात येते.

एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लॉन ही मुळात युरोपातल्या श्रीमंतांची हौस. लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापायला माणसे लावायची, नाहीतर मेंढ्या सोडायच्या. १८३० साली इंग्लंडमध्ये स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग या माणसाने गवत कापायचे यंत्र काढले. त्याला ते सुचले कापडाच्या गिरणीत. लोकरी कापडावरची लव तासून सारखी करणारे फिरत्या पात्यांचे यंत्र तिथे होते, तेच त्याने जमिनीवर चालवले. आदिलाबाद कापसाचे गाव, जिनिंगच्या आवाजात आपण वाढलो, म्हणून आम्हाला हा माणूस जवळचा वाटतो.

परत आपल्या अंगणात येतो. चटया गेल्यावर आम्ही पुन्हा सुरुवात केली, या वेळी हरळीने. मे महिन्यात एक फूट खोल खणून ढेकळे उन्हात तापू दिली. मग मुद्दाम पाणी दिले, लव्हाळा उगवू दिला आणि गाठीसकट काढला. असे दोनदा केले. लव्हाळ्याची गाठ एक राहिली की पुढच्या वर्षी तिचे गाव होते, तेव्हा इथे आळस नको. काळ्या मातीत मुरूम, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळले. वर थर दिला नाही, मिसळले. पहिल्या चुकीचे सार तेच होते. सगळ्या अंगणाला रस्त्याच्या बाजूने उतार दिला, शंभर फुटांना एक फूट, एवढासा, आणि कडेला दगड भरून चर काढला.

पहिला पाऊस पडून वाफसा आल्यावर मुळ्या लावल्या, चार-चार इंचांवर, बोटाने भोक पाडून. अर्ध्या अंगणात जुनी पद्धत वापरून पाहिली. हरळीचे दोन-दोन इंचांचे तुकडे करायचे, माती, शेण आणि पाण्यात त्यांचा काला करायचा आणि इंचभर थर सारवल्यासारखा पसरायचा. शेजारच्या आजी फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आयुष्यभर निंदून फेकली, आता पेरता का रे?" सारवलेला भाग तीन आठवड्यांत आधी भरला, पण एका मुसळधार पावसात त्याचा एक कोपरा वाहून गेला. बोटाने लावलेला सावकाश भरला, पण हलला नाही. उताराची जागा असेल तर बोटानेच लावा. पहिली कापणी विळ्याने, मग रूळ, आणि मग यंत्र. हरळीला थंड देशातल्या गवतासारखी तीन इंच उंची नको. इंच-दीड इंचावर ती दाट बसते. पावसाळ्यात आठवड्याला एकदा कापावीच लागते, नाहीतर ती देठावर उभी राहते, आणि मग कापल्यावर खाली नुसती काटकी दिसते.

कडुनिंबाखाली मात्र हरलो. हरळीला दिवसाचे सहा तास तरी ऊन हवे. तीनदा लावून पाहिली, तीनदा विरळ झाली. शेवटी तिथे ओटा बांधला, आणि आता सगळी ज्येष्ठ मंडळी गवतावर न बसता ओट्यावर बसतात. फुलझाडांच्या वाफ्यांभोवती शहाबादी फरशी फूटभर उभी गाडली आहे, कारण हरळी जमिनीवरूनही पळते आणि जमिनीखालूनही. १९५६ साली किनवट, राजुरा तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो, तेव्हाही आपल्या सोयरिकी पेनगंगेच्या पाण्याखालून चालूच राहिल्या, तसेच हे आहे. असो.

आता जे सांगायला खरे म्हणजे आम्ही उभे आहोत ते.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दुचाकीवरून दूर्वा आणायला निघालो. दरवर्षी ज्या शेताच्या धुऱ्यावरून आणतो तिथेच थांबलो. हरळी हिरवीगार होती, शेंडे कोवळे होते. खाली बसून पहिली मूठ खुडली, तेवढ्यात कपाशीतून शेतकरी ओरडला, "साहेब, थे घेऊ नका! चार दिवस झाले मारून." मारून म्हणजे तणनाशक. हातातली मूठ आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली. तिच्यावर काहीही दिसत नव्हते.

ग्लायफोसेट असे चालते. ते पानावाटे आत शिरते आणि रसासोबत खाली मुळीपर्यंत उतरते. रोपाला वाढीसाठी लागणारी काही अमिनो आम्ले तयार होणे ते बंद पाडते. रोप उपाशी मरते, पण लगेच नाही. आठवडाभर, कधी जास्त दिवस, ते वरून हिरवेच दिसते. म्हणजे तुम्ही खुडलेली दूर्वा फवारलेली आहे की नाही हे तुमच्या डोळ्यांना कळणार नाही. आम्हाला कळले नाही, आणि आमचे पोट याच ज्ञानावर चालते. त्याआधीच्या वर्षी आम्ही त्याच धुऱ्यावरून दूर्वा आणल्या होत्या. तेव्हा कोणी ओरडले नव्हते. ते वर्ष आठवले की आजही बरे वाटत नाही, कारण आमच्या घरी दूर्वा तीर्थात घालतात.

दूर्वा नुसती वाहिली जाते असे नाही. नाकाचा घोळणा फुटला की दूर्वांचा रस देणाऱ्या आज्या या सभागृहात बसल्या आहेत. निर्माल्य गाईला जाते. लहान मुले दूर्वा तोंडात धरतात.

शेतकऱ्याला दोष द्यायला आम्ही उभे नाही. निंदायला बाई मिळत नाही, मिळाली तर तीन शेतांत विभागलेली, आणि ऑगस्टची झड तण वाढवायला थांबत नाही. कपाशीचे चोरटे बियाणे, ज्याला लोक बीजी-थ्री म्हणतात, ते याच तणनाशकाला टिकते म्हणून घेतले जाते. त्याला सरकारची परवानगी नाही, हे आमच्या तोंडून तुम्ही गावात ऐकलेच आहे. २०१८ साली तेलंगणा सरकारने कापसाच्या हंगामात ग्लायफोसेटवर निर्बंध घातले, आणि २०२२ साली केंद्र सरकारने ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावे असा आदेश काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली त्याला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामकांना ते तसे वाटत नाही. हा वाद शास्त्रज्ञ मिटवतील. पण फवारणीच्या पंपाशी बेफिकिरी काय करते हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. २०१७ साली नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. ती कीटकनाशके होती, तणनाशक नव्हे. पण पंप तोच, उघडे हात तेच, आणि तोंडाला रुमाल बांधला की झाले ही समजूतही तीच.

थंड देशातही ही गोष्ट आहे, फक्त शेताऐवजी अंगणात. पूर्वी तिकडे लॉनच्या बियाण्यात पांढरे क्लोव्हर मुद्दाम मिसळत, कारण ते हवेतले नत्र जमिनीत आणते, आपल्या मुगा-उडदासारखे. दुसऱ्या महायुद्धानंतर टू-फोर-डी हे तणनाशक बाजारात आले. ते रुंद पानांचे सगळे मारते आणि गवत सोडते. त्यात क्लोव्हरही मेले. मग क्लोव्हरलाच तण म्हणायला सुरुवात झाली, आणि त्याने फुकट दिलेले नत्र पिशवीतून विकत मिळू लागले. म्हणून तिकडच्या मुलांना एवढेच सांगा, की लॉनमध्ये पांढरी फुले दिसली तर धावत दुकानात जाऊ नका. आणि गणपतीला शेजाऱ्याच्या लॉनमधले गवत तर नकोच, एक तर ते फवारलेले असते, दुसरे म्हणजे ती दूर्वा नसते. टेक्सास, जॉर्जिया, ॲरिझोनात राहणाऱ्यांच्या पायाखालीच हरळी आहे. शिकागो, टोरांटोच्या लोकांनी उन्हाच्या खिडकीत कुंडीत लावावी. बर्म्युडा ग्रासचे बी तिकडे दुकानात मिळते. इथून मुळ्या आणि माती बॅगेत भरून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. एका काकूंनी डब्यात लपवून नेली होती, त्या नाव सांगू नका म्हणाल्या आहेत.

दूर्वेची गोष्ट आपल्याला पाठ आहे. अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या अंगाचा दाह कशाने शमेना, तेव्हा ऋषींनी एकवीस-एकवीस दूर्वा वाहिल्या आणि तो शांत झाला. देवाला गारवा देणारी ही वनस्पती स्वतः मात्र उन्हात वाढते, याची आम्हाला दरवेळी मौज वाटते.

तर मंडळाच्या अंगणाबद्दल कार्यकारिणीने ठरवले आहे, की इथे कुठलेही तणनाशक येणार नाही. तण खुरप्याने निघेल. त्यामुळे अंगण फोटोतल्यासारखे दिसत नाही, हे मान्य. पाथरी आहे, दुधी आहे, आणि लव्हाळा कितीही काढला तरी चार ठिकाणी आहेच. ज्यांना ते खुपते त्यांनी रविवारी सकाळी यावे, खुरपी जास्तीची आहेत.

पूर्वेकडचा पट्टा, ओट्यापासून फाटकापर्यंतचा, आम्ही चतुर्थीच्या दहा-बारा दिवस आधीपासून कापणार नाही. एकदा कापून सोडलेल्या हरळीला तीन पानांचे कोवळे शेंडे येतात, तेच जुडीला हवेत. पट्ट्याला आधी महिनाभर युरियाही दिलेला नसेल. चतुर्थीला पहाटे पाचला फाटक उघडेल. एका घराने एकवीसच्या दोन जुड्या घ्याव्यात, म्हणजे सगळ्यांना पुरतील. कात्री फाटकाच्या आतल्या खिळ्याला सुतळीने बांधलेली आहे, ती तिथेच राहू द्यावी. वरचे शेंडे कापा, ओढू नका, ओढले की मुळी वर येते. आणि ज्यांना घरी लावायला मुळ्या हव्यात त्यांनी पुढच्या जुलैत पोते घेऊन या. कडा छाटतो तेव्हा घमेली भरून निघतात, आणि सध्या त्या टाकायच्या कुठे हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.